इंग्रजीत गोष्ट लिहिताना ग्रामर नेमकं कुठे घसरतं, आणि का

इंग्रजी शिकणाऱ्या कुणालाही स्वतःची ओळख लिहायला सांगा, बऱ्यापैकी बरोबर लिहून देतात. त्याच माणसाला म्हणा, तुझ्यासोबत घडलेला एखादा प्रसंग लिही, की पानभर चुका. मग तपासणारा लाल पेन घेतो, सगळं पान रंगवतो आणि खाली शेरा मारतो की ग्रामर कच्चं आहे, टेन्सेस पुन्हा करा. शिकणारा बिचारा टेन्सचे तक्ते पुन्हा पाठ करतो, पुढची गोष्ट लिहितो आणि चुका त्याच. मला हा शेराच पटत नाही, कारण बहुतेक वेळा ह्या माणसाला तक्ता येत असतो, विचारलं तर गो-वेन्ट-गॉन धडाधड म्हणून दाखवेल, अडचण वेगळ्या जागी असते.

ओळख लिहिताना सगळं एकाच काळात असतं, आय ॲम, आय लिव्ह, आय लाइक, वाक्यं मागेपुढे केली तरी काही बिघडत नाही. गोष्टीत तसं चालत नाही. विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वॉलेट्स्की ह्या भाषाअभ्यासकांनी १९६७ मध्ये तोंडी सांगितलेल्या अनुभवांवर काम केलं, त्यात त्यांनी गोष्टीची अगदी किमान अट सांगितली ती अशी की निदान दोन वाक्यं अशी हवीत ज्यांचा क्रम म्हणजेच घटनांचा क्रम, क्रम बदलला की घडलेलंच बदललं. म्हणजे गोष्ट लिहिणाऱ्याला एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळायच्या असतात: काय आधी काय नंतर, कोण कोणाला काय करतंय, आणि हे सगळं एकमेकाला जोडायचं कसं. आणि ही तीनही कामं मराठी आपल्या पद्धतीने करते, इंग्रजी तिच्या पद्धतीने.

एक छोटा परिच्छेद बघू, समजायला सोपं जावं म्हणून मीच बनवलाय पण असे परिच्छेद कुठल्याही इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाच्या वहीत सापडतील. "लास्ट संडे आय हॅड गॉन टु माय फ्रेंड्स हाऊस. व्हेन आय रीच्ड देअर, दॅट टाइम डोअर वॉज ओपन. आय गो इनसाइड अँड सी दॅट नोबडी इज देअर. देन डॉग केम. माय फ्रेंड सेड दॅट आय ॲम ऑन द टेरेस, यू कम अप. आय डिड नॉट वेन्ट बिकॉज आय वॉज फिअरिंग द डॉग."

पहिलंच वाक्य घ्या, आय हॅड गॉन. हे सुटं वाक्य म्हणून ग्रामरच्या पुस्तकात बरोबरच आहे, पास्ट परफेक्ट, हॅड अधिक तिसरं रूप. पण इथे ते नकोय. आपण मराठीत "मागच्या रविवारी मी मित्राकडे गेलो होतो" असंच म्हणतो, गोष्टीची सुरुवात करताना तर हमखास "होतो" लावतो, त्यातून ऐकणाऱ्याला कळतं की आता जुनं काहीतरी सांगणार. "गेलो" म्हटलं तरी चालतं, "गेलो होतो" म्हटलं तरी चालतं. इंग्रजीत हॅड गॉन म्हटलं की वाचणारा लगेच दुसरी घटना शोधायला लागतो, कशाच्या आधी गेला होता? कारण तिथे पास्ट परफेक्ट म्हणजे भूतकाळातल्या एका क्षणी उभं राहून त्याच्याही मागे बघणं. दोन खुंट्या लागतात त्याला, एक पुढची एक मागची. "व्हेन आय रीच्ड, ही हॅड लेफ्ट", मी पोचलो तोवर तो निघून गेलेला, इथे हॅड शोभतं. पहिल्या वाक्यात पुढची खुंटी अजून ठोकलेलीच नाही, म्हणून नुसतं आय वेन्ट पाहिजे. ही चूक तक्ता पाठ करून जाणार नाही कारण तक्त्याप्रमाणे हॅड गॉन बरोबर आहे, ती जाते ती "ह्याच्या पुढे कुठली घटना आहे?" हा प्रश्न स्वतःला विचारून. उत्तर नसेल तर हॅड काढून टाका, एवढं एक केलं तरी गोष्ट पुष्कळ सुधारते.

आता तिसरं वाक्य, आय गो इनसाइड अँड सी दॅट नोबडी इज देअर. वर रीच्ड होतं, वॉज होतं, एकदम गो आणि सी कुठून आले? मराठीत ऐकून बघा: "तिथे पोचलो, दार उघडंच होतं. आत जातो, बघतो तर काय, कुणीच नाही!" आपल्याकडे रंगात आलं की काळ आपोआप वर्तमानात सरकतो, ऐकणाऱ्याला तिथे नेऊन उभं करायला. इंग्रजी बोलणारेही गप्पांमध्ये हे करतात, सो आय गो इन अँड आय सी असं, त्यामुळे हे इंग्रजीत नसतंच असं नाही, पण लेखी गोष्टीत काळ एकदा निवडला की तो धरून ठेवायचा असा रिवाज आहे आणि वर्तमानात गेलात तर तिथे काही वेळ राहावं लागतं, एका वाक्यात जाऊन परत आलं की ती चूक दिसते. मला उलट अशा ठिकाणी बरं वाटतं, कारण काळ नेमका कुठे घसरला बघा, गोष्टीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या क्षणी. म्हणजे लिहिणाऱ्याला कुठे ताण आहे ते कळलंय, गोष्ट सांगता येते त्याला. त्याला सांगायचं एवढंच की ताण आणायला इंग्रजी लेखनात दुसरी साधनं आहेत, वाक्य छोटं कर, सडनलीसारखा घासून गुळगुळीत झालेला शब्द टाळ आणि जे दिसलं तेच थेट लिही, आय वेन्ट इन. नोबडी.

काळ घसरण्याचं अजून एक कारण आहे आणि ते मराठीपुरतं नाही, जगभरच्या शिकणाऱ्यांत दिसतं. कॅथलीन बार्डोव्ही-हार्लिग ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या शिकणाऱ्यांच्या गोष्टी तपासल्या तेव्हा दिसलं की भूतकाळाचं रूप सगळ्या क्रियापदांवर एकदम बसत नाही. जी क्रिया झटक्यात होते आणि संपते, पडला, सापडलं, पोचलो, फुटलं, तिथे फेल, फाऊंड, रीच्ड आधी नीट यायला लागतं. चालणं, गाणं, खेळणं अशा लांबणाऱ्या क्रियांवर नंतर. आणि असणं, वाटणं, माहीत असणं ह्या स्थितींवर सगळ्यात उशिरा. शिवाय गोष्टीला पुढे नेणारी वाक्यं आधी भूतकाळात जातात, बाजूचं वर्णन मागे राहतं. म्हणून "ही ओपन्ड द डोअर. द रूम इज डार्क" असं वाक्य इतक्यांदा भेटतं. दार उघडणं ही घटना म्हणून भूतकाळ, पण अंधार ही घटना नाहीच, ती नुसती आहे, मग इज. चूक आहेच पण तिच्यात शिस्त आहे, आणि तपासणाऱ्याला ती शिस्त दिसली तर तो "टेन्स पुन्हा करा" असं न लिहिता म्हणेल की तुझ्या घटना सगळ्या बरोबर भूतकाळात आल्यात, आता फक्त वर्णनाची वाक्यं शोध आणि त्यांचा काळ बघ. हे ऐकणाऱ्याला काय करायचं ते कळतं.

आता कोण आणि कोणता, म्हणजे आर्टिकल्स. डोअर वॉज ओपन, डॉग केम. ए आणि द हे मराठी माणसाला कायम त्रास देतात कारण आपल्याकडे तसं काही सक्तीचं नाहीच, आणि नियम म्हणून शिकवतात ते असं की पहिल्यांदा ए, दुसऱ्यांदा द. गोष्टीत हा नियम अर्धाच चालतो. डॉग केम मध्ये बघा, "ए डॉग केम" लिहिलं तर कुठलातरी अनोळखी कुत्रा उघड्या दारातून आत शिरला, "द डॉग केम" लिहिलं तर मित्राचाच कुत्रा, वाचणाऱ्याला तो आहे हे माहीत आहे असं धरून. दोन वेगळ्या गोष्टी झाल्या ना ह्या? लिहिणाऱ्याने काहीच लिहिलं नाही म्हणून कोणती घडली ते आपल्याला कळतच नाही. आणि दार तर पहिल्यांदाच आलंय तरी तिथे द हवं, कारण घर म्हटलं की त्याला दार आलंच, वाचणाऱ्याने ते आधीच गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे पहिल्यांदा-दुसऱ्यांदा मोजण्यापेक्षा "हे कोणतं ते वाचणाऱ्याला ओळखू येईल का?" असं विचारलं तर जास्त वेळा बरोबर उत्तर येतं. मराठीतही आपण "एक राजा होता" म्हणतो आणि पुढच्या वाक्यात "राजाला दोन मुली होत्या", तिथे परत "एक" लावत नाही, म्हणजे जाण आहे आपल्याला, फक्त दुसऱ्या वेळी मराठी जागा मोकळी सोडते आणि इंग्रजीला तिथे द लिहावंच लागतं.

सर्वनामांचं पण असंच आहे. मराठी क्रियापद सांगतं कोण ते, "गेली" म्हटलं की ती, "गेलो" म्हटलं की मी, म्हणून कर्ता सोडून दिला तरी चालतो. इंग्रजीत वेन्ट वरून काही कळत नाही, त्यामुळे "देन वेन्ट होम अँड स्लेप्ट" असं लिहिलं की कोण गेलं हा प्रश्न उरतो. आणि एक बारीक गंमत आहे जी चूक म्हणून कुणी पकडत नाही पण गोष्ट बिघडवते. मराठीत "रमेशने सुरेशला आपली पिशवी दिली" आणि "रमेशने सुरेशला त्याची पिशवी दिली" ह्यात पिशवी कोणाची ते कळतं. इंग्रजीत दोन्हीकडे हिज बॅग. ग्रामर शंभर टक्के बरोबर, अर्थ हरवलेला. दोन मुलगे किंवा दोन मुली असलेली गोष्ट असली की नावं परत परत लिहायला लाजू नये, एवढंच करता येतं.

पण सगळ्यात जास्त गोंधळ ज्या वाक्यात आहे ते हे: माय फ्रेंड सेड दॅट आय ॲम ऑन द टेरेस. मराठीत "मित्र म्हणाला की मी गच्चीवर आहे, तू वर ये" हे अगदी सरळ वाक्य आहे, त्यातला "मी" मित्र आहे हे सांगावं लागत नाही, कारण "की" नंतर आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत दॅट आलं की शब्द त्याचे राहत नाहीत, सांगणाऱ्याचे होतात, म्हणून आय म्हणजे गोष्ट सांगणारा. मराठी न येणारा माणूस हे वाक्य वाचेल तर त्याला वाटेल गच्चीवर गोष्ट सांगणाराच आहे, आणि मग पुढचं काहीच लागत नाही. इंग्रजीप्रमाणे मित्राच्या "आय" चा "ही" (he) होतो, ॲम चं वॉज होतं, आणि "यू कम अप" चं "टोल्ड मी टु कम अप" होतं, एका वाक्यात तीन बदल. नवीन शिकणाऱ्याला मी म्हणेन हे सगळं करूच नका, अवतरणचिन्हं टाका आणि त्याला बोलू द्या. "आय ॲम ऑन द टेरेस," माय फ्रेंड सेड. "कम अप." चूक नाही आणि वाचायलाही जिवंत. रिपोर्टेड स्पीचचा, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगण्याचा, सराव वेगळा बसून करता येतो, त्यासाठी गोष्ट अडवायची गरज नाही.

ह्याच ठिकाणी एक उपयोगी फरक सांगायला हवा. मरीना बर्ट आणि कॅरल किपार्स्की ह्या अभ्यासकांनी १९७२ मध्ये चुकांचे दोन प्रकार पाडले, एक ज्याने सगळ्या वाक्याचा अर्थच कोलमडतो आणि दुसरी जी वाक्याच्या एखाद्या भागापुरती असते, वाचणारा अडखळतो पण समजतो. आय डिड नॉट वेन्ट दुसऱ्या प्रकारातली. दिसायला ती सगळ्यात ढळढळीत, तिच्याभोवती लाल गोल पहिला पडतो, पण कुणाचा काही गैरसमज होत नाही, नाही गेला हे कळतं. दॅट आय ॲम ऑन द टेरेस मात्र वाक्य म्हणून स्वच्छ आहे, घाईत तपासणारा पुढे जाईल, आणि गोष्ट तिथेच मोडलेली आहे.

डिड नॉट वेन्टचं कारण मराठी नाही बरं का. हे वेगवेगळ्या मातृभाषांचे शिकणारे करतात, इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलंसुद्धा अशी दुहेरी रूपं करतात. भूतकाळ दाखवायचाय हे डोक्यात पक्कं झालेलं असतं, म्हणून तो डिड आणि वेन्ट दोन्हीकडे दाखवला जातो. पूर्वी असं मानायचे की चुका सगळ्या मातृभाषेतून येतात, भाषाअभ्यासक रॉबर्ट लाडोंनी १९५७ मध्ये दोन भाषांची तुलना करून अडचणी आधीच ओळखता येतील असं मांडलं होतं. मग १९६७ मध्ये पिट कॉर्डरने म्हटलं की शिकणाऱ्याच्या चुका हा पुरावा आहे, तो मनात कुठले नियम बांधतोय ते त्यातून दिसतं, आणि त्याने घाईत झालेली चूक आणि मुळात नियमच वेगळा समजल्यामुळे होणारी चूक ह्यात फरक केला. १९७१ मध्ये जॅक रिचर्ड्सने दाखवलं की पुष्कळ चुका मातृभाषेशी संबंध नसलेल्या, इंग्रजीच्याच नियमांचा अतिरेक करून आलेल्या असतात. लॅरी सेलिंकरने १९७२ मध्ये पुढे जाऊन सांगितलं की शिकणाऱ्याची एक मधलीच भाषा तयार होते, तिला तिचे नियम असतात. मला हे ज्ञान म्हणून आवडतं ते वेगळं, पण वापर असा की चूक बघितल्यावर आधी ठरवता येतं, माणूस घाईत आहे का, मराठीतून आणतोय का, की इंग्रजीचाच नियम ताणतोय. घाईवाल्याला "परत वाच" म्हटलं तर तो स्वतः दुरुस्त करतो. बाकीच्या दोघांना परत वाचून काही दिसणार नाही, त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

जोडणीबद्दल थोडं. "व्हेन आय रीच्ड देअर, दॅट टाइम", हे सरळ जेव्हा-तेव्हा. तसंच जरी-तरी वरून ऑल्दो लावून पुढे परत बट. मराठीत जोडी लागते, इंग्रजीत एकच पुरतो, दुसरा काढला की झालं, ह्यापलीकडे फार काही नाही त्यात. ह्याच्यापेक्षा अवघड आहे ते आपलं "-ऊन" आणि "-ल्यावर". "उठून, आवरून, दार लावून तो निघाला", एका वाक्यात चार कामं आणि क्रियापद पूर्ण असं एकच, किती सुटसुटीत. ते इंग्रजीत नेताना बहुतेक जण अँड देन, अँड देन करत जातात नाहीतर कॉमा देऊन वाक्यावर वाक्य चिकटवतात. आणि "घरी आल्यावर फोन वाजला" हे मराठीत निर्दोष आहे, आलो मी आणि वाजला फोन, कुणाला शंका येत नाही. "आफ्टर कमिंग होम, द फोन रँग" असं लिहिलं की इंग्रजीत फोन घरी आला. तिथे आफ्टर आय केम होम असं कर्त्याला नाव घेऊन बोलवावं लागतं. शिकवताना ह्या एका वाक्यावर पुष्कळ वेळ घालवला तरी तो वाया जात नाही, कारण गोष्टीत हा सांधा पानापानावर येतो.

मग तपासायचं कसं? जॉन ट्रस्कॉट ह्या अभ्यासकाने १९९६ मध्ये थेट मांडलं की लेखनातलं ग्रामर दुरुस्त करून देणं निरुपयोगी आहे, उलट नुकसान करतं, ते बंद करा. डाना फेरिसने १९९९ मध्ये त्याला उत्तर दिलं की इतका सरसकट निष्कर्ष काढता येत नाही, दुरुस्ती निवडक आणि स्पष्ट असेल तर फायदा होऊ शकतो. नंतर २००७ मध्ये योंगही शीन आणि २००८ मध्ये जॉन बिचनर ह्यांनी सगळ्या चुका सोडून फक्त ए आणि द वर दुरुस्ती देऊन बघितली आणि तेवढ्यापुरती सुधारणा दिसली, काही काळ टिकलीसुद्धा. वाद पूर्ण मिटलेला नाही, पण सगळं पान लाल करण्याच्या बाजूने मला तरी ह्यात काही दिसत नाही. मी एका गोष्टीत एकच धागा धरायच्या मताची आहे. ह्या वेळी फक्त काळ, पानाच्या बाजूला एक रेघ मारायची, घटना क्रमाने त्यावर मांडायच्या आणि मग प्रत्येक क्रियापद रेघेवर कुठे बसतं ते बघायचं, आय हॅड गॉन तिथे लगेच उघडं पडतं. पुढच्या गोष्टीत फक्त कोण आणि कोणता. डिड नॉट वेन्टवर बारीक खूण करून सोडून द्यायचं.

आणि चुका मोजून कुणाचं इंग्रजी किती चांगलं ते ठरवू नये, ह्याला ठोस कारण आहे. जॅकलिन शॅक्टरने १९७४ मध्ये फारसी, अरबी, चिनी आणि जपानी मातृभाषा असलेल्यांचं इंग्रजी लेखन तपासलं, हू-विच-दॅट ने जोडलेली वाक्यं बघितली. चिनी आणि जपानी गटाच्या चुका कमी निघाल्या. मग दिसलं की त्यांनी अशी वाक्यं मुळात फारच कमी लिहिली होती, अवघड वाटलं ते टाळलं होतं. गोष्टीत तर हे अजून सोपं आहे, ही केम, ही सॅट, ही एट, ही वेन्ट, एकही चूक न करता पानभर लिहिता येतं. म्हणून वही परत देताना चुकांच्या खुणांबरोबर अजून एक वेगळी खूण करावी, लिहिणाऱ्याने जिथे काहीतरी नवीन करून बघितलंय तिथे, मग ते जमलेलं असो वा नसो: पहिल्यांदाच कुणाला तरी बोलायला लावलं, मागची घटना सांगायला हॅड वापरून बघितलं, दोन घटना एकाच वेळी घडताना दाखवायचा प्रयत्न केला. ती खूण बघून पुढच्या गोष्टीत तो तेच परत करून बघतो.